बाईसाहेबांचा नवा आरसा

गावातल्या निम्म्या गाड्यांच्या सीटा बारकीच्या हातच्या होत्या, पण वयाची पंचावन्न वर्षं उलटेपर्यंत तिने एकही गाडी चालवली नव्हती. तिचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं, ते तिथंच राहिलं. उंचीवरून पडलेलं नाव तेवढं टिकलं. दुकानात ती काउंटरमागे उभी असली की गिऱ्हाइकाला आधी अंबाडा दिसायचा, मग आवाज ऐकू यायचा, आणि तो आवाज मात्र साडेसहा फुटी माणसाला शोभेल असा होता. लग्न का नाही केलंस, असं कुणी विचारलं तर ती तोंडातल्या टाचण्या काढून म्हणायची, "मापाचा मिळाला नाही." आणि पुन्हा टाचण्या तोंडात.

तिचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. पुढच्या बाजूला रुंद दार, आत जाड कातडं शिवणारं काळं यंत्र, भिंतीला टेकून उभ्या केलेल्या रेग्झिनच्या गुंडाळ्या, आणि कोपऱ्यात फोमच्या तुकड्यांचा ढीग, ज्यावर शेजारच्या गल्लीतलं एक मांजर आपला हक्क समजून झोपायचं. वरच्या मजल्यावर ती राहायची. मागे छोटं अंगण आणि अंगणापलीकडे तिच्या थोरल्या भावाचं, म्हणजे दादाचं घर. अंगणात पत्र्याची एक शेड होती आणि शेडमध्ये दादाची गाडी.

त्या गाडीला घरात सगळे 'बाईसाहेब' म्हणत. बाईसाहेब दादापेक्षा वयाने थोड्याच लहान होत्या. बाटलीसारखा गडद हिरवा रंग, वर सायीसारखा टप, पुढे बाकासारखी सलग सीट आणि स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअर. दादाने ती घेतली तेव्हा एका गोदामात विटांवर उभी होती आणि मागच्या सीटवर कोंबड्यांनी संसार मांडला होता. दादा तेव्हा पाणीपुरवठ्याच्या पंपघरात नुकताच लागलेला, आणि बारकी छत्र्यांच्या कारखान्यात कापड शिवत होती.

"सीटा तू शिव," दादा तिला म्हणाला होता.

"मी छत्र्या शिवते, दादा."

"मग काय झालं? छत्रीवर कुणी बसत नाही, एवढाच फरक."

तिने शिवल्या. पहिल्या सीटची शिवण वाकडी आली, उसवली, परत घातली. छताचं आतलं कापड लावताना तर तिला मजाच वाटली. ते म्हणजे उलटी छत्रीच, फक्त काड्या आडव्या. गाडी रस्त्यावर आली तेव्हा लोक दादाला इंजिनाबद्दल विचारायचे सोडून सीटा कुणी केल्या म्हणून विचारायला लागले. वर्षभरात बारकीने कारखाना सोडला आणि स्वतःचं दुकान थाटलं. म्हणजे एका अर्थी बाईसाहेबांनीच तिला पोटापाण्याला लावलं, आणि हे दादा तिला दर भांडणात ऐकवायचा.

दादाचं त्या गाडीवर प्रेम होतं, आणि त्या प्रेमाचे नियम होते. पहिला नियम म्हणजे बाहेरचा माल चालणार नाही. कंपनीने जो खिळा लावला तोच खिळा. एका दाराची मूठ मिळावी म्हणून त्याने कुठल्या कुठल्या माणसांशी मैत्री केली होती आणि मूठ मिळाल्यावर त्यातल्या निम्म्यांशी ती तोडलीही होती. वहिनी म्हणायची, "या बयेला जेवढं तेल पाजलं ना, तेवढं माझ्या केसांना लावलं असतं, तर आज वेणी जमिनीवर लोळली असती."

दरवर्षी हिवाळा संपता संपता गावाबाहेरच्या तलावाकाठी जुन्या गाड्यांचा मेळा भरायचा. दादाने एकही मेळा चुकवला नव्हता. पण एका सकाळी तो दुकानात आला आणि गाडीची किल्ली त्याने शिवणयंत्राच्या पाट्यावर ठेवली.

"काय झालं?" बारकीने पाय थांबवला.

"डोळे," दादा म्हणाला. "डॉक्टरीणबाई म्हणतात, कडेचं दिसत राहील, मधलं जाणार. गेलंच आहे म्हण ना. आता तुझ्याकडे बघतोय, तर तोंडाच्या जागी ढग, आणि दोन्ही बाजूंना कान. कान तेवढे छान दिसतात तुझे."

बारकीला हसू आणि रडू एकाच वेळी फुटायला लागलं, तेव्हा तिने मुकाट्याने दोरा ओवायला घेतला.

"विकून टाकू म्हणतो," दादा म्हणाला. "उभी राहून सडण्यापेक्षा बरं."

"मी चालवते."

हे कोण बोललं, म्हणून दोघांनीही क्षणभर इकडेतिकडे पाहिलं. दुकानात तिसरं फक्त मांजर होतं.

"तू?" दादा म्हणाला. "तुझे पाय पोचतील का?"

"पोचत नसतील तर पोचवीन. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बुडाला बसेल अशी गादी करतेय, एकदा स्वतःसाठी करते."

आणि तिने केली. खाली जाड फोमची उतरती बैठक, पाठीला लोड, दोन्हींना बाईसाहेबांच्या सीटच्याच कापडाचं आवरण, म्हणजे दादाला बघवेल. गाडी चालवायच्या शाळेत तिने नाव घातलं. तिथला मास्तर तिला बघून म्हणाला, "आजी, कुणाला सोडायला आलात?" परीक्षेत पहिल्या खेपेला ती नापास झाली, कारण चौकात लाल दिवा लागल्यावर तिने गाडी थांबवली खरी, पण शेजारच्या गाडीच्या सीटकव्हराची उसवलेली शिवण बघत राहिली आणि दिवा हिरवा होऊन परत लाल झाला. दुसऱ्या खेपेला पास झाली.

मग बाईसाहेबांवर हात बसवणं सुरू झालं. गोदामांच्या मागचा रस्ता सकाळी मोकळा असायचा. पुढे बारकी, शेजारी दादा, आणि मागे वहिनी जीव मुठीत आणि विणकाम मांडीवर घेऊन बसायची. दादाला रस्ता नीट दिसत नव्हता, पण पंपघरात जन्म काढलेला माणूस, त्याचे कान शाबूत होते.

"ऐक, ती कण्हतेय. दुसरा गिअर मागतेय. दे."

"दिला."

"असा दे की तिला कळणार नाही. तू तर पाट्यावर वाटण वाटल्यासारखा देतेस."

गिअर जमला, क्लच जमला, चढावर गाडी मागे न सोडणंही जमलं. अडलं ते आरशापाशी.

बाईसाहेबांचा मागचं दाखवणारा आरसा छताला नव्हता. डॅशबोर्डवर मधोमध एक छोटा दांडा आणि त्याच्या टोकाला तळहाताएवढा लांबट आरसा. दादा उंच, सीट मागे सरकवून बसायचा, त्याला पुरायचा. बारकी सीट पार पुढे ओढून स्टिअरिंगला नाक लावून बसायची. तेवढ्या जवळून बघायचं तर आरसा तिच्याकडे पुरता वळवावा लागे, आणि तो तेवढा वळतच नसे. त्याची मान अर्ध्यातच अडायची. शिवाय मागे वहिनी बसली की आरशात वहिनी आणि वहिनीच. मागून येणारा रस्ता वहिनीच्या खांद्यावरून चिंधीएवढा. वरून काचेचा पारा जागोजागी उडालेला. एका सकाळी बारकीने भर रस्त्यात करकचून ब्रेक दाबला, वहिनीची सुई एका बाजूला आणि लोकरीचा गुंडा दुसऱ्या बाजूला.

"काय झालं?" दादा ओरडला.

"मागून मोटारसायकल येतेय. मगापासून येतेय, पुढेही जात नाही आणि मागेही पडत नाही."

वहिनीने मागे वळून पाहिलं. रस्ता रिकामा होता. आरशाच्या कोपऱ्यातला तपकिरी डाग तेवढा इमानाने पाठलाग करत होता.

"दादा, आरसा बदलायला हवा."

"तो मूळचा आहे."

"मूळचा आहे म्हणूनच त्यात काही दिसत नाही. चांगला मोठा आरसा मिळतो हल्ली, रुंद. खाली छोटी पट्टी असते, ओढली की मागच्या गाडीचे दिवे डोळ्यांवर येत नाहीत."

"बाहेरचा माल?" दादा असा म्हणाला, की जणू तिने बाईसाहेबांच्या ताटात कुणाचं उष्टं वाढायचं ठरवलं होतं. "माझ्या डोळ्यांदेखत नाही."

"बरं," बारकी म्हणाली, आणि तिच्या मनात आलं, डोळ्यांदेखत नाही ना, मग प्रश्नच मिटला.

दुसऱ्या दिवशी तिने सुट्या भागांच्या दुकानातून आरसा आणला. त्याच्याबरोबर नखाएवढी एक लोखंडी टिकली होती. ती पुढच्या काचेला आतून चिकटवायची आणि आरसा तिच्यावर अडकवायचा. दुकानदार म्हणाला, "काही नाही मावशी, दोन मिनिटांचं काम." दुपारी दादा घरात झोपला होता, तेव्हा ती शेडमध्ये शिरली. काचेच्या बाहेरून खडूने खूण केली, टिकली सॅंडपेपरने घासली, डिंक लावला आणि अंगठ्याने दाबून धरली. बराच वेळ. हात भरून आला तेव्हा दुसरा अंगठा लावला. तासाभराने आरसा अडकवला, तर राहिला. ती गादीवर बसली आणि आरशात अख्खी मागची काच दिसली, काचेत शेडचं दार, दारात अंगण, अंगणात वाळत घातलेले कपडे, सगळं एका दमात. तिला इतका आनंद झाला की तिने उगाचच कुणी नसताना हॉर्न वाजवला. दादा जागा झाला, पण तो आळ मांजरावर आला.

सकाळी सरावाला निघताना दादाला काही कळलं नाही. आरसा बरोबर मधे होता, आणि मधलं तर त्याला दिसतच नव्हतं. बारकी मनात खूश. गोदामांच्या मागे वळली, ऊन काचेवर आलं, काच तापली, रस्त्यात एक खड्डा आला आणि आरसा सुटला. तो डॅशबोर्डवर आपटला आणि सरळ दादाच्या मांडीत.

दादाने तो हाताने चाचपला. रुंदी बघितली. खालची पट्टी ओढून बघितली.

"हे काय आहे?"

"आरसा," बारकी म्हणाली.

"ते कळलं. कुठून पडला?"

"काचेवरून."

"काचेला डिंक लावलास?" दादाचा आवाज चढला. "ती काच फुटली तर परत मिळणार आहे का? अगं, असा आरसा घट्ट बसला असता आणि धक्क्याने निघाला असता, तर काचेचा टवका घेऊन निघतो! माझ्या ओळखीत झालंय!"

"मग बरंच झालं ना, घट्ट नाही बसला ते!"

"का नाही बसला?" दादाला राग सोडून आता हेच कोडं पडलं. त्याने काचेवर बोट फिरवलं, बोटं एकमेकांवर चोळली, नाकाशी नेली. आणि त्याचा चेहरा हळूहळू बदलला. मागून वहिनी खुदखुदायला लागली.

"अहो, सांगा ना तिला," वहिनी म्हणाली. "रोज जेवायच्या आधी तुम्ही काचेला काय चोळता ते."

दादा रोज दुपारी जेवायच्या आधी पुढची काच आतून-बाहेरून मेणाच्या पॉलिशने पुसायचा. पाऊस ओघळून जावा म्हणून बाहेरून, आणि आतून का, ते त्यालाही सांगता येईना. "हात फिरवल्याशिवाय बरं वाटत नाही," तो पुटपुटला. इतक्या वर्षांच्या मेणावर जगातला कुठलाच डिंक धरला नसता. बारकीला हसू आवरेना, तिने गाडी कडेला घेतली, आणि तिघंही तिथं, बंद गोदामाच्या दारासमोर, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

हसून झाल्यावर दादा म्हणाला, "पण आरसा लागणार नाही म्हणजे नाही."

"मग मेळ्याला मी येणार नाही. मागचं न बघता मी तुम्हा दोघांना नेणार नाही, सांगून ठेवते."

त्यानंतर दोन्ही घरांत अबोला. म्हणजे अबोला भावाबहिणीत. वहिनी दोघांशी बोलायची आणि एकाचं दुसऱ्याला सांगताना मीठमसाला घालायची. "वन्सं," ती दुकानात येऊन म्हणाली, "ते तिकडे म्हणतायत, छताला भोक पाडायचं असेल तर आधी माझ्या डोक्याला पाडा."

"छताला?" बारकी टाचण्यांमधूनच म्हणाली. "छताला कुणी भोक पाडायला सांगितलंय?"

आणि बोलता बोलता तिचा हात थांबला. तिच्या बोटांना काहीतरी आठवत होतं. छताचं कापड लावताना, पुढच्या काचेच्या अगदी वर, पत्र्याच्या आडव्या पट्टीत तिची बोटं कशात तरी अडकली होती. दोन भोकं, शेजारी शेजारी. कापडाला घासून ते फाटेल म्हणून तिने त्यांच्यावर फडक्याची घडी चिकटवली होती आणि वरून छत ताणून बसवलं होतं. इतकी वर्षं तिला त्याची आठवणही नव्हती.

ती टाचण्या तशाच तोंडात धरून अंगण ओलांडून गेली. दादा ओट्यावर बसला होता. तिने टाचण्या काढल्या आणि अबोला मोडला.

"दादा, याच गाडीचं अजून एक महागातलं मॉडेल होतं ना रे?"

"होतं. त्याला रेडिओ होता, मागे दिवा होता..." दादा गाड्यांबद्दल विचारलं की अबोला विसरायचा. "आणि आरसा छताला होता."

"सांगाडा तोच?"

"तोच. एकाच साच्यातला."

"मग त्या छताच्या आरशाची दोन भोकं आपल्या बाईसाहेबांनाही आहेत. माझ्या कापडाखाली झाकलीत मी."

दादा उठून उभाच राहिला. "म्हणजे जागा कंपनीनेच सोडलीय!"

"कंपनीनेच."

"मग आरसा लावणं म्हणजे..." तो शब्द शोधत होता, "म्हणजे राहिलेलं काम पुरं करणं!"

"तसं म्हण."

आता अडचण बारकीचीच होती. भोकांपर्यंत पोचायचं तर छत कापायला हवं होतं. तिच्या हातचं ते पहिलं छत. त्यानंतर कितीतरी केली, पण इतकं ताणून, एकही सुरकुती न ठेवता बसलेलं दुसरं नव्हतं. बाईसाहेबांमध्ये उताणी पडून तिने वर पाहिलं. हातात छोटी धारदार कात्री. दादा शेजारी दार धरून उभा.

"नको असेल तर राहू दे," दादा हळूच म्हणाला. "कुठलं तरी लहान काहीतरी बघू, चिमट्याने अडकवायचं."

"गप्प बस," ती म्हणाली, आणि बोटाने भोक चाचपून कापडात टच्चकन चीर दिली. मग दुसरी. आणि मग तिने जे केलं ते बघायला वहिनीही पोळीचं पीठ लागलेल्या हातांनी अंगणात आली. बारकीने बाकदार सुई घेतली, त्याच रंगाचा रेशमी दोरा घेतला, आणि दोन्ही चिरांना कोटाला करतात तशी काजं केली. डोक्यावर हात धरून, उताणी पडून, घामाचे थेंब कानात जात असताना. एकेक टाका असा जवळ जवळ की कापडाचा एक धागा सुटणार नाही. काजं झाली तेव्हा छताला दोन डोळे आल्यासारखे दिसले, पण मूळचेच.

आता आरसा. त्याच्या मागे काचेवर चिकटवायची सोय होती, छताला स्क्रूने बसवायची नव्हती. दादा म्हणाला, "ते माझ्यावर सोड." पंपघरातून निवृत्त होताना त्याने हत्यारांची पेटी आणली होती, ती उघडली. पितळेची एक पट्टी घेतली, बोटांनी मापली, शिकंज्यात धरली आणि कानस चालवायला लागला. कडेच्या नजरेने बघायचं म्हणून मान अशी तिरकी, जणू शेजारच्याच्या ताटात काय वाढलंय ते चोरून बघतोय. घासायचा, अंगठा फिरवायचा, परत घासायचा. आरसा छताला धरायला केलेलं पहिलं कोंदण आखूड झालं, आरसा ऊन अडवायच्या झापडांवर आपटायला लागला. दुसऱ्याची भोकं सूतभर इकडे झाली, त्याने शिवी हासडून ते कोपऱ्यात फेकलं. तिसरं असं बसलं की स्क्रू फिरवताना कुरकुर नाही. मधे बारकीने जुन्या ट्यूबचे दोन गोल तुकडे कापून घातले, म्हणजे इंजिनाच्या थरथरीने आरशात जग नाचायला नको.

राहिला प्रश्न आरसा नेमका कसा वळवायचा याचा. बारकी आपल्या गादीवर बसली, दादा मागच्या सीटवर मुद्दाम ताठ बसला, आणि वहिनीला पिवळा टॉवेल देऊन गाडीच्या मागे पाठवलं.

"डावीकडे जा!" बारकी ओरडली.

"तुमची डावी की माझी?"

"आरशातली!"

"आरशातली डावी म्हणजे कुठली हो?" वहिनीने दादाला विचारलं.

दादाने विचार केला आणि म्हणाला, "ती जिकडे सांगेल त्याच्या उलट."

वहिनी टॉवेल हलवत अंगणभर फिरली, एकदा पायरीवर चढली, एकदा शेवग्याच्या झाडाआड गेली. बारकी आरसा केसभर इकडे, केसभर तिकडे करत होती. शेवटी दादाच्या डोक्याच्या वरून, मागच्या काचेच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत पिवळा टॉवेल सरकताना तिला सलग दिसला.

"दिसतंय!" ती म्हणाली. "वहिनी, तुमच्या पिठाचे हात नाकाला लागलेत तेसुद्धा दिसतंय!"

मेळ्याच्या दिवशी ऊन छान कोवळं होतं. तलावाकाठच्या मैदानावर रंगीबेरंगी गाड्या रांगेने उभ्या, आणि त्यांचे मालक फडकी घेऊन त्यांच्याभोवती घुटमळत होते. बारकीने बाईसाहेबांना रांगेत नेलं. मागे घेऊन लावायची होती, दोन चकचकीत गाड्यांच्या मधे, आणि दोन्ही मालक श्वास रोखून बघत होते. तिने आरशात पाहिलं, गाडी सरळ मागे घेतली आणि थांबवली. ती उतरली, तेव्हा गाडीतून कोण उतरलं हे बघायला दोघांना खाली बघावं लागलं.

परीक्षक आले. त्यातले एक हाताची घडी घालून, जाड भिंगाचा चष्मा लावून प्रत्येक गाडीचा खिळा न् खिळा बघत होते. बाईसाहेबांपाशी ते बराच वेळ थांबले. इंजिन बघितलं, मुठी बघितल्या, मग आत डोकं घातलं.

"हा आरसा मूळचा नाही," ते म्हणाले.

बारकीने दादाकडे पाहिलं. आता हा भांडणार, असं तिला वाटलं.

"नाही," दादा शांतपणे म्हणाला. "बाहेरचा आहे. गाडी चालवणारी नवीन आहे, तिला मागचं दिसायला हवं. कापा गुण."

"कापावे लागतील."

"कापा की. पण जाता जाता तेवढी काजं बघून जा."

परीक्षकांनी चष्मा वर केला, मान आत घालून छताकडे पाहिलं, आणि बाहेर यायचं नावच घेईनात. मग त्यांनी दुसऱ्या परीक्षकाला बोलावलं. मग शेजारचा मालक आला, त्याच्या मागे त्याची बायको. गुण कापले गेले ते गेलेच, बाईसाहेबांना बक्षीस काही मिळालं नाही. पण दिवसभर गाडीपाशी अशी रीघ लागली की वहिनीने बरोबर आणलेलं खाणं तिला एकटीलाच बसून संपवावं लागलं, आणि तिने ते संपवलं. तिघाचौघांनी बारकीला आपापली छतं दाखवायला बोलावलं. ती उताणी पडून त्यांच्या गाड्यांमध्ये शिरली आणि प्रत्येकाला तोंडावर सांगून आली की हे काम ज्याने केलंय त्याला विळ्याने गवत कापायला लावा.

परतीच्या वाटेला दुपार कलली होती. तलावाचा रस्ता अरुंद आणि वळणांचा. पुढे दुधाची एक गाडी डुलत डुलत चालली होती, आणि बारकी तिच्यामागे मुकाट चालली होती. आजवर तिने कुणालाच मागे टाकलं नव्हतं.

"मागे काय आहे?" दादाने विचारलं.

बारकीने आरशात पाहिलं. "बरीच मोठी रांग लागलीय रे. पहिल्या गाडीतला माणूस जांभया देतोय. त्याच्या मागे एक लाल गाडी आहे, तिच्या टपावर सायकल बांधलीय. तिच्या मागे ट्रक. आणि कुणीतरी हात हलवतंय... आपल्यालाच हलवतंय. मेळ्यातला निळ्या गाडीवाला असणार."

"मग त्यालाही हात कर."

"माझे दोन्ही हात कामात आहेत. तू कर."

दादाने खिडकीबाहेर हात काढून हलवला. मागून दोन वेळा हॉर्न वाजला. दादा ऐकून हसला आणि मग कान टवकारून बसला.

"बारके, ही आता कंटाळलीय. ऐक. तिला पुढे जायचंय."

"जायचंय तर आहे," बारकी म्हणाली. वळण संपलं, पुढे सरळ रस्ता लागला, पलीकडून कुणी येत नव्हतं. तिने आरसा बघितला. जांभईवाला जागच्या जागी होता. मान वळवून कडेलाही पाहिलं.

"मागून कुणी निघालंय?"

"नाही."

"पुढून?"

"नाही."

"मग वाट कसली बघतेस? दे खालचा गिअर, आणि दाब!"

तिने गिअर दिला, असा की बाईसाहेबांना कळलाही नसेल, आणि पाय दाबला. इंजिन घशातून गरजलं, दुधाची गाडी खिडकीशी आली, तिचे पत्र्याचे कॅन खडखडताना ऐकू आले, तिच्या ड्रायव्हरने वाकून बघितलं आणि स्टिअरिंगमागे जेमतेम दिसणारा अंबाडा बघून तोंड उघडं ठेवलं. मग ती मागे पडली. आरशात ती आधी मोठी होती, मग मध्यम, आणि बारकी गाडी हळूच आपल्या बाजूला घेत होती तोवर लहान झाली.

"गेलो?" दादाने विचारलं.

"गेलो!" बारकी ओरडली, आणि साडेसहा फुटी आवाजात ओरडली.

मागच्या सीटवरून वहिनीने डोळ्यांवरचे हात काढले. "झालं का? मग अहो, वन्संना म्हणावं, पुढे एक बस दिसतेय."